घड्याळजीचं मत

१

सकाळी ऑफिसचं कुलूप उघडायच्या आत फोन वाजला, तर तो चांगल्या बातमीचा कधीच नसतो. त्या दिवशी मी एका हातात किल्ल्या आणि दुसऱ्या हातात फायलींची पिशवी घेऊन जिन्यात उभी होते. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला. पलीकडे सरकारी वकील होता.

"तुमचा माणूस टीव्हीवर झळकला," तो म्हणाला. "त्याच्या देशाच्या सरकारी वाहिनीवर. अभिनंदन."

"कुठला माणूस?"

"घड्याळजी. परवा ज्याचं अपील आहे तो. राष्ट्रद्रोही म्हणतायत त्याला. ऐन सुनावणीच्या तोंडावर एवढी सोयीची प्रसिद्धी मिळाली, नशीब काढलं म्हणायचं." मग त्याचा आवाज सरकारी झाला. "आपल्या कायद्यातली ती तरतूद लक्षात आहे ना? आश्रय मिळावा म्हणून माणसानं स्वतःच धोका ओढवून घेतला, तर तो धोका आम्ही धरत नाही. परवा मी तेच म्हणणार आहे."

फोन ठेवला तेव्हा किल्ली कुलपात अडकली होती आणि माझी पाचावर धारण बसली होती.

आमचं ऑफिस म्हणजे तीन खोल्या आणि त्यांच्यामध्ये प्लायवुडच्या भिंती. आपला देश सोडून आलेल्या माणसांना इथं आश्रय मिळावा म्हणून आम्ही भांडतो. आम्ही म्हणजे तिघं. थोरले वकील, ज्यांनी हे ऑफिस उभं केलं आणि ज्यांना आम्ही पाठीमागे नुसतं 'थोरले' म्हणतो, दुभाषीबाई, आणि मी. फी नावापुरती, कटकटी मात्र पोटभर.

त्यातही घड्याळजीची केस म्हणजे डोक्याला ताप. त्याच्या देशात सेनापतीचं राज्य. त्या सेनापतीच्या पुतण्यानं एक सोन्याचं घड्याळ ह्याच्याकडे दुरुस्तीला आणलं. ह्यानं ते उघडलं, पाहिलं, आणि दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर सांगून टाकलं की घड्याळ नकली आहे. दुसरा कुणी असता तर मूग गिळून बसला असता. ह्याला खोटं बोलताच येत नाही. चारचौघांत पुतण्याचं नाक कापलं गेलं. मग "तुझे हात तोडतो" असे निरोप येऊ लागले, दुकानावर दगड पडले, आणि एक दिवस घड्याळजी बायकोला घेऊन सीमा ओलांडून इकडे साडूच्या घरी आला.

पहिल्या फेरीत त्याचा अर्ज फेटाळला गेला. निर्वासित कुणाला म्हणायचं याची व्याख्या जगातल्या बहुतेक देशांनी मिळून ठरवलेली आहे. माणूस आपल्या देशाबाहेर हवा. परत गेलो तर छळ होईल ही त्याची भीती साधार हवी. त्याचं स्वतःचं सरकार त्याला वाचवील अशी आशा नको. इथवर घड्याळजी पास. घोडं पेंड खातं ते पुढं. छळाचं कारण पाचांपैकी एक असावं लागतं: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगटातलं असणं, नाहीतर राजकीय मत. आम्ही ह्यांना पाच खुंट्या म्हणतो. भीती कितीही खरी असली, तरी ती यांतल्या एका खुंटीवर टांगता आली पाहिजे. त्याच्या निकालात लिहिलं होतं की भीती खरी, पण कारण खाजगी भांडणाचं. अपिलात मी म्हटलं होतं, सेनापतीच्या घराण्याला लोकांसमोर खोटं पाडणं हेही तिथं राजकीय मतच धरतात. सरकारी वकील त्यावर मनसोक्त हसला होता. परवा हरलो, की घड्याळजीला परत पाठवणार होते.

दुभाषीबाई आल्या तोवर मी ती चित्रफीत शोधून ठेवली होती. बाईंचा आवाज असा, की त्या कुजबुजल्या तरी खालच्या मजल्यावर ऐकू जातं. पडद्यावरचा निवेदक बराच वेळ तावातावानं बोलत होता. बाई ऐकत होत्या.

"काय म्हणतोय?"

"राष्ट्रद्रोही म्हणतोय. परदेशी वकिलांपुढं सेनापतींचा अपमान केला म्हणतोय."

"एवढंच? तो तर कितीतरी बोलला."

"बाकी नुसत्या शिव्या आहेत." बाईंनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच परत बंद केली.

थोरले केव्हा येऊन दारात उभे राहिले, कळलंच नाही. "वाईट झालं," ते म्हणाले. चष्मा काढून पुसत राहिले. "पण एक सांगू? आता त्याला परत पाठवायची कुणाची छाती होणार नाही. पाचवी खुंटी आयती मिळाली. तो तोंड उघडायला लागला तेव्हाच मला वाटलं होतं, ही केस फिरणार."

थोरल्यांना प्रत्येकच केस फिरणार असं वाटतं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. आमच्याकडे माणूस जे सांगतो ते बाहेर जात नाही, आणि त्याच्या देशाच्या कानावर तर कधीच जात नाही, या एका विश्वासावर आमचं दुकान चालतं. तो विश्वास कुणीतरी विकला होता किंवा फुकट वाटला होता.

मी चित्रफीत परत सुरू करून घड्याळजीच्या फोटोवर थांबवली. चेहरा बिचारा नेहमीसारखाच बावरलेला होता. मागची भिंत मात्र फिकट पिवळी होती, आणि एका कोपऱ्यात तिचा रंग उडाला होता. मी मान वर केली. ती भिंत माझ्या टेबलासमोर होती.

२

आत्याकडे गेले तेव्हा ती कपाट ढकलत होती. आत्या पूर्वी ह्याच अपील मंडळावर न्यायाधीश होती. निवृत्त झाल्यापासून तिला एका जागी बसवत नाही, आणि ती बसत नाही म्हणून घरातल्या कुठल्याच वस्तूला बसू देत नाही.

"ते टोक धर," ती म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांग."

मी टोक धरलं आणि सांगितलं. कपाट खिडकीपाशी गेलं, तिथून परत दारापाशी आलं.

"फोटो कुणाकुणाकडे होता?"

"ओळखपत्रासाठी ऑफिसात काढला होता. आम्हा तिघांकडे आहे. एक प्रत घड्याळजीला दिली."

"म्हणजे साडूच्या घरातही आहे." आत्यानं कपाट सोडलं. "तुझा सरकारी वकील काही मूर्ख नाही हं. माणूस हरायला आलेला, आणि नेमकी हवी ती खुंटी ऐन वेळी हातात येते. मी खुर्चीवर असते तर मलाही हाच संशय आला असता."

"घड्याळजी असं करणार नाही, आत्या. त्याला खोटं बोलता येत नाही."

"असं ज्यांच्याबद्दल म्हणतात, त्यांच्यातले कितीतरी माझ्यासमोर येऊन गेलेत. चल, चप्पल घाल."

साडूचं घर म्हणजे गोदामांच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. साडू वीस वर्षांपूर्वी कामासाठी इकडे आला आणि इथलाच झाला, त्यामुळे आपली भाषा तो आपल्यासारखीच बोलतो. दार त्यानंच उघडलं. आत घड्याळजी खिडकीच्या उजेडात शेजाऱ्यांचं गजराचं घड्याळ खोलून बसला होता. त्याची बायको आम्हाला बघून उठली आणि आतल्या खोलीत गेली. तिचे डोळे सुजले होते.

"चित्रफीत त्यानं पाहिली नाही," साडू म्हणाला. "बायकोनं फोन लपवून ठेवलाय. पण तिकडून ह्याच्या बहिणीचा निरोप आला. दुकानाला सील ठोकलं. ती मैत्रिणीकडे जाऊन राहिलीय."

आत्या उभीच होती. तिनं घड्याळजीकडे पाहिलं आणि साडूला म्हणाली, "त्याला विचारा, हे त्यानं केलं का."

साडूनं विचारलं. घड्याळजी नेहमीप्रमाणे पुटपुटल्यासारखं बोलला, शेजारी बसूनही मला ऐकू येईना.

"म्हणतो, मी कशाला करू? पुतण्याचं डोकं तापट आहे पण आठवण कमी आहे. दोन वर्षांत विसरेल, मग परत जाऊन दुकान उघडायचं ठरवलं होतं. आता कसं जाणार?" साडूनं स्वतःचंही पुढं जोडलं. "आणि बाई, माझ्याबद्दलही विचारूनच घ्या, म्हणजे मन मोकळं होईल. एका घरात दोन संसार आहेत. त्याला कागद मिळाला की त्याला वेगळी खोली घेता येईल आणि मला पाय पसरता येतील. हे मी काही लपवत नाही. पण माझी म्हातारी आई तिकडे ह्याच्याच गावात आहे. मी असला उद्योग केला तर पहिला धोंडा तिच्यावर पडेल."

"तुम्ही आमच्या ऑफिसात शेवटचे कधी आला होता?" मी विचारलं.

"मागच्या आठवड्यात. ह्याला ताप होता, येता येणार नाही, हे सांगायला. तुम्हीच दारात भेटलात. मला कामाच्या पाळीला जायचं होतं, तसाच पळालो."

ते खरं होतं. आत्यानं मला फोन काढायला लावला. "चित्रफीत लावा आणि शब्द न गाळता सांगा. शिव्यांसकट. आणि त्यालाही ऐकू दे. त्याच्याच जिवाची गोष्ट आहे, त्याच्यापासून काय लपवायचं?"

साडू ऐकत गेला आणि सांगत गेला. राष्ट्रद्रोही. भेकड. परक्यांच्या ताटाखालचं मांजर. "आणि म्हणतो की या माणसानं वकिलांपुढं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की मी भर चौकात उभा राहून बोललो. काय बोललो? तर सेनापतीचं राज्य त्याच्या पुतण्याच्या घड्याळासारखंच आहे. वरून सोनं, आत पत्रा."

घड्याळजीच्या हातातला चिमटा खाली पडला. तो मोडक्यातोडक्या आमच्या भाषेत थेट मलाच म्हणाला, "ताई, मी नाही बोललो. कधीच नाही. चौकात मी भाजी घेतो फक्त."

आत्या माझ्याकडे बघत होती. माझा चेहरा कसा झाला असेल, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ते वाक्य मी ऐकलं होतं. माझ्याच ऑफिसात, माझ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून.

३

"रंगीत तालीम होती," मी रस्त्यात आत्याला सांगितलं. ती इतकी भरभर चालत होती की मला धापा टाकत बोलावं लागलं. "सुनावणीच्या आधी आम्ही करतो. मी सरकारी वकील बनते आणि वाकडे प्रश्न विचारते, माणूस उत्तरं देतो. म्हणजे आयत्या वेळी गांगरत नाही. त्या दिवशी घड्याळजी तापानं झोपला होता. तारीख तर बदलणार नव्हती. म्हणून दुभाषीबाई म्हणाल्या, त्याच्या खुर्चीत मी बसते, तुमचे प्रश्न तरी तपासून होतील."

"आणि त्यांनी स्वतःच्या मनानं उत्तरं दिली."

"बहुतेक फायलीतलीच दिली. पण मी त्यांना फार छळलं. सेनापतीच्या पुतण्याला तुमच्यासारख्या टिचभर माणसाची एवढी पर्वा का, असं परत परत विचारलं. शेवटी बाई चिडल्या आणि ते वाक्य फेकलं. आम्ही दोघी हसलो. मी म्हटलं, बाई, हे खरं असतं तर केस जिंकली असती."

"ते हसणं अंगाशी आलं," आत्या म्हणाली.

दुभाषीबाई ऑफिसातच होत्या, टेबल आवरत होत्या. आवरत म्हणजे स्वतःच्या वस्तू पिशवीत भरत होत्या. आत्यानं त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"सकाळी ते वाक्य तुम्ही गाळलंत," आत्या म्हणाली.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. त्यांचा तो खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "गाळलं. ऐकलं आणि घाबरले. माझंच वाक्य. कुणाला वाटणार, मीच कळवलं. माझा भाऊ तिकडे मास्तर आहे. माझी नोकरी गेली तर त्याला पैसे कोण पाठवणार?" मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या डोळ्याला डोळा देता येईना, म्हणून निघाले होते. वीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे नेले, एक अक्षर कमी-जास्त केलं नाही. आणि आज गाळलं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, वाईट वाटलं. पण संशय काही वाईट वाटलं म्हणून जात नाही. वाक्य त्यांचं, फोटो त्यांच्याकडे, दोन्ही भाषा येतात, आणि सकाळी लपवाछपवी केलेली. मी आत्याकडे पाहिलं.

आत्या प्लायवुडच्या भिंतीवर बोटांनी टकटक करत होती. मग ती पलीकडच्या खोलीत गेली आणि तिथून ओरडली, "बाई, काहीतरी बोला. नेहमीच्या आवाजात."

"काय बोलू?"

"पुरे. नीट ऐकू येतं." ती परत आली. तिच्या डोळ्यांत ती जुनी खुर्चीवरची चमक होती. "पलीकडे कोण बसतं?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं, पण तिला ते माहीत होतं. दारावर पितळी पाटी होती.

४

थोरले संध्याकाळी कोर्टातून येणार होते. तोवर आत्या खोलीत येरझारा घालत होती आणि मला तिचं म्हणणं पटवून देत होती. मला पटायला नको होतं. थोरल्यांनी मला ह्या कामात आणलं. उभं कसं राहायचं, गप्प कधी बसायचं, सगळं त्यांनीच शिकवलं.

"कळवणाऱ्याला ते वाक्य घड्याळजीचं वाटलं की बाईंचं?" आत्यानं विचारलं.

"घड्याळजीचं. 'स्वतःच्या तोंडानं सांगितलं' असं वाहिनीनं म्हटलंय."

"मग बाई सुटल्या. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या नावावर लावायचं आणि तेच पुरावा म्हणून सोडायचं, इतक्या त्या वेड्या नाहीत. फायलीत पुष्कळ खऱ्या गोष्टी होत्या, त्या कळवल्या असत्या. घड्याळजी सुटला, कारण तो तिथं नव्हताच. हे वाक्य त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं. साडूला तर चांगलं ठाऊक होतं की घड्याळजी घरी अंथरुणात आहे, आणि तो तालीम सुरू व्हायच्या आधीच गेला. आता उरलं काय? भिंतीपलीकडून आवाज ऐकणारा माणूस. पण विचार कर. भिंतीपलीकडून बाईचा आवाज येतोय, 'मी चौकात उभा राहून बोललो.' रस्त्यावरचा माणूस हे ऐकून काय समजेल?"

"चक्रावून जाईल. बाई असून हे काय बोलतेय, म्हणेल."

"आणि ह्या धंद्यातला माणूस?"

आमचे दुभाषी 'तो असं म्हणतो' असं कधीच म्हणत नाहीत. समोरचा म्हणाला 'मला मारलं', की दुभाषीही 'मला मारलं' असंच म्हणतो, स्वतःला पार पुसून टाकतो. बाईंच्या आवाजात 'मी' ऐकलं की आमच्या कानाला तो घड्याळजीच ऐकू येतो. घड्याळजी स्वतः इतका हळू बोलतो, की भिंतीपलीकडे त्याचा आवाज आला नाही याचंही कुणाला नवल वाटलं नसतं.

"म्हणजे ही चूक फक्त आमच्यातलाच माणूस करू शकतो," मी म्हटलं.

"तुमच्यातला, पण घड्याळजी त्या दिवशी आला नाही हे माहीत नसलेला."

जिन्यात पावलं वाजली. थोरले आत आले, आत्याला पाहून थबकले आणि मग मोकळेपणानं हसले. ते तिच्यासमोर कितीदा तरी उभे राहिले होते. "अरे वा, न्यायाधीशबाई. इकडे कुठं वाट चुकलात?"

"भाचीची केस बघत होते," आत्या म्हणाली. "काळजी वाटते हो. परवा तो घड्याळजी मंडळापुढं बोलेल की नाही कुणास ठाऊक. मागच्या आठवड्यात तालमीला कसा होता?"

"उत्तम," थोरले म्हणाले. "मी कोर्टातून उशिरा आलो, फोनवर होतो, तरी शेवटचं उत्तर भिंतीतून ऐकलं. एरवी तोंडाला कुलूप लावलेला माणूस, पण त्या दिवशी काय बोलला. मला तर धन्य वाटलं."

बाईंनी तोंडावर हात ठेवला.

"तो त्या दिवशी आलाच नव्हता," आत्या म्हणाली. "तापानं फणफणला होता. त्याच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या. उत्तरही त्यांनीच रचलेलं होतं."

थोरले हळूहळू खाली बसले. चष्मा काढला, पण पुसला नाही.

"मला वाटलं तो खरं बोलला," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं, बोलला आहे, पण पुरावा नाही. मंडळ म्हणणार, आयत्या वेळची थाप. मग मी त्यांच्या दूतावासाला निनावी कळवलं. म्हटलं, ते स्वतःच त्याला शत्रू म्हणतील, आणि मग ह्याहून मोठा पुरावा कुठला? मी कधीकाळी एक बाई परत पाठवलेली पाहिली आहे. भीती खरी होती, खुंटी नव्हती. तिला सीमेवर सोडलं, आणि पुढं तिचं काय झालं हे आजवर कळलं नाही. मी पुन्हा ते होऊ देणार नव्हतो."

"सर, त्याला विचारलं का नाहीत?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. "त्याच्या दुकानाला सील ठोकलंय, बहिणीला घर सोडावं लागलंय. तो दोन वर्षांत परत जाणार होता."

"विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता," थोरले म्हणाले. हे ते इतक्या सहज म्हणाले की मलाच बसावंसं वाटलं.

आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "परवा सरकारी वकील म्हणणार की हे घड्याळजीनंच घडवून आणलं. ते खोटं आहे हे सांगू शकणारा जगात एकच माणूस आहे. पण त्यानं तसं सांगितलं की त्याची सनद गेली, आणि हे ऑफिसही राहील की नाही सांगता येत नाही. मी तुम्हाला काय करा ते सांगणार नाही. तुम्ही इतरांचं ठरवता, तसं आज स्वतःचं ठरवा."

थोरले उठले, चष्मा खिशात घातला आणि जिना उतरून गेले.

५

सुनावणीच्या सकाळी मी अर्धा रस्ता चालत आणि अर्धा जवळजवळ पळत गेले. मंडळाची खोली लहान असते. समोर अध्यक्षबाई, बाजूला नोंद घेणारा कारकून, मंडळाचा स्वतःचा दुभाषी, एका अंगाला सरकारी वकील, दुसऱ्या अंगाला मी आणि घड्याळजी. मागच्या बाकावर साडू, घड्याळजीची बायको, आत्या आणि दुभाषीबाई. थोरल्यांची जागा रिकामी होती. मी सारखी मागे वळून बघत होते आणि आत्या मला डोळ्यांनी दटावत होती.

सरकारी वकील उठला. त्यानं चित्रफीत लावली, फोटोमागची भिंत दाखवली, ती आमच्याच ऑफिसातली असल्याचं सांगितलं, आणि म्हणाला की हा धोका घरीच शिजवलेला आहे. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे होतं ते फक्त आत्याचं तर्कशास्त्र, आणि तर्कशास्त्राला शपथ घेता येत नाही.

तेवढ्यात दार उघडलं. थोरले आले. काळा कोट घातला नव्हता. ते माझ्याशेजारी न येता सरळ साक्षीदाराच्या खुर्चीकडे गेले.

त्यांनी सगळं सांगितलं. भिंत, आवाज, दूतावास, सगळं. एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. मग दुभाषीबाई उठल्या आणि त्यांनी तालमीचं सांगितलं, त्या वाक्यासकट, आपल्या मूळच्या आवाजात. बाहेरच्या व्हरांड्यातली माणसंही गप्प झाली असावीत.

सरकारी वकिलानं क्षणभर विचार केला. चांगला वकील होता तो, पडला तरी पायांवर पडायचा. "ठीक आहे," तो म्हणाला. "धोका अर्जदारानं ओढवून घेतला नाही. पण मग आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. तो हे वाक्य बोललाच नाही. म्हणजे त्याला राजकीय मत नाही. मत नाही तर खुंटी नाही. वाक्य दुभाषीबाईंचं, उद्योग वकिलांचा. ह्याचं काय आहे?"

मी उठले. "व्याख्या असं विचारत नाही की ह्या माणसाच्या डोक्यात काय आहे," मी म्हटलं. "ती विचारते की त्याला कशासाठी छळतील. आणि ते कारण छळणाऱ्याच्या डोक्यात असतं. सेनापतीची माणसं घड्याळजीला पकडतील तेव्हा आधी चौकशी करून खात्री करून घेणार नाहीत, की बाबा, हे मत तुझंच ना? त्यांनी शिक्का मारला आहे, सगळ्या देशाला दाखवला आहे. खरा की खोटा, त्यानं घड्याळजीचे हात वाचणार आहेत का?"

अध्यक्षबाईंनी लिहिणं थांबवलं आणि घड्याळजीकडे वळल्या. "हे कळवणार आहेत, तुम्हाला माहीत होतं?"

दुभाष्यानं विचारलं. घड्याळजी पुटपुटला.

"नाही," दुभाष्यानं सांगितलं. "मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. चौकात मी काही बोललो नाही. हेही लिहा. लोकांना वाटायला नको की मी बोललो."

मी कपाळाला हात लावायची राहिले. जिंकत आलेला डाव हा माणूस स्वतःच्या हातानं मोडणार होता.

"सेनापतींबद्दल तुमचं काही मत होतं?"

"नाही. माझं मत फक्त त्या घड्याळाबद्दल होतं."

सरकारी वकील खुर्चीत रेलला. अध्यक्षबाई मात्र अजून घड्याळजीकडेच बघत होत्या. "आणि आता?"

घड्याळजीला प्रश्न समजला होता. दुभाष्यासाठी तो थांबला नाही. आमच्याच भाषेत, पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता आहे."

"काय मत आहे?"

तो आपल्या भाषेत बोलला. सावकाश, एकेक शब्द तपासून. दुभाषी सांगत गेला, "सेनापती वाईट माणूस आहे. मी तिथं नसताना तो माझ्या नावानं बोलतो, माझं काय करायचं ते ठरवतो, आणि मला विचारत नाही. जो माणूस असं करतो त्याच्या हातात दुसऱ्याचा जीव देऊ नये." घड्याळजीनं मागे वळून थोरल्यांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो आणखी थोडं बोलला, आणि दुभाषी एकदम अडखळला. मग म्हणाला, "ह्या साहेबांच्या हातातही."

कारकुनानं मान वर केली. "शेवटचंही लिहायचं?"

"सगळं लिहा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

थोरल्यांनी मान खाली घातली नाही. ते घड्याळजीकडे बघत राहिले आणि त्यांनी एकदा होकारार्थी मान हलवली. सुनावणी संपल्यावर ते निघून गेले. पुढं सनद काढून घ्यायचं पत्र त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी त्याला आव्हान दिलं नाही. मी अजूनही अधूनमधून त्यांच्या घरी जाते. आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारतो.

निकाल त्याच दिवशी दुपारी सांगितला गेला. अपील मंजूर. घड्याळजी कायद्यानं निर्वासित ठरला होता, आता त्याला कुणी परत पाठवू शकत नव्हतं. बायको रडत होती, साडू तिला आणि स्वतःलाही सावरत होता. घड्याळजी तेवढा स्वस्थ होता. बाहेर पायऱ्यांवर त्यानं मला थांबवलं आणि साडूला मध्ये घेऊन विचारलं, "ताई, हे किती दिवस चालतं?"

"तिकडची परिस्थिती बदलेपर्यंत," मी म्हटलं. "धोका कायमचा टळला, तर मग संरक्षणाची गरज उरत नाही. तेव्हा परत जाता येईल."

"धोका टळला म्हणजे?"

"म्हणजे सेनापती जाऊन दुसरं काही आलं तर."

जन्मात कधी वर्तमानपत्र न उघडलेला माणूस. तो साडूकडे वळला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. साडूनं डोळे पुसले आणि हसला.

"म्हणतो, घरी गेल्यावर बातम्या लाव. आता त्या माणसावर रोज लक्ष ठेवायला हवं."